बोनेटवरचं ओलं पोतं

वाडी, नागपूर
१२ एप्रिल २०२५

चि. नंदिनीस बायजाबाई आजीचा जय भीम.

तुही आठवण आली म्हणून लिहून राहिली असं समजू नको. भेव वाटून राहिला म्हणून लिहून राहिली. फोनवर मले ऐकू येत नाही हे तुले माहीत आहे. तू तिकडून बोंबलते, रोहित इकडून माह्या कानाशी बोंबलते, अन् डोक्यात नुसती पिठाची गिरणी चालते. मले लिहाले शिकवलं ते सही करासाठी. पत्रं लिहाची पाळी तुम्ही बहीणभावानं आणली.

तुहा भाऊ कामाले लागला. तू तिकडं बर्फात जी गाडी चालवून पाहून राहिली, तिचीच दुसरी गाडी नागपुरात आली आहे. थंडीत तू तपासाची, तपनीत रोहितनं. ठेकेदारानं ठेवला त्याले. कालपर्यंत वाडीच्या गोदामातून पुठ्ठ्याचे खोके नेऊन टाके, आता म्हणते, "आजी, मले ड्रायव्हर म्हणू नको, टेस्ट ड्रायव्हर म्हण."

परवा गाडी आंगणात घेऊन आला. एवढीशी गाडी, अन् अंगभर काळेपांढरे पट्टे. मी म्हटलं, "हे काय गा, गाडीले लुगडं नेसवलं काय?"

"नवीन गाडीचा आकार कोणाले दिसू नये, म्हणून झाकलं आहे, आजी."

"मंग बरोबर झाकलं. आखी गल्ली पाहाले आली आहे."

मंग मले समजावून सांगतलं का हिचे चारही चाकं ओढतात. मी म्हटलं, चार चाकं त भाजीवाल्याच्या ठेल्यालेही आहेत, त्यात तुह्या बहिणीनं एवढं इंजिनिअरिंग कायचं केलं? हसला. त्याच्याबरोबर कंपनीचा एक पियूष साहेब होता, पुण्याचा, तोही हसला. नाकाले मलम लावून फिरते बिचारा. तपनीनं सोलून निघाला आहे.

आता भेवाचं सांगतो. हे लोक गाडीत रेतीचे थैले भरतात अन् अमरावती रोडच्या आतल्या जुन्या खदानीत उतरतात. खाली पाण्याजवळून वरपर्यंत ट्रकचा मुरमाचा रस्ता आहे, तो चढतात. मंग उतरतात, मंग पुन्हा चढतात. दिवसभर हेच.

त्या खदानीत मी गिट्टी फोडली आहे. तवा तिथं पाणी नव्हतं. खोदता खोदता झरा लागला, पंप बंद पडला, मालक निघून गेला, अन् ते भरलं. आता वरून हिरवं दिसते, पोट्ट्यायले वाटते तळं आहे. तळं नाही ते. कडेले पायरी नाही, उतार नाही, कापल्यावानी सरळ खाली. किती खाली ते मले माहीत आहे, मी तिथं उभी राह्यली आहे. दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी आंघोळीले उतरते अन् लोक गळ टाकून शोधतात.

मले एकच सांग. ही गाडी चढता चढता मागं येईल काय? मोठ्या गोष्टी नको.

रोहित तुले फोनवर सांगीन, सगळं मस्त आहे. तो खोटा नाही, भैताड आहे, अक्कल कमी. म्हणून माह्या पत्रावर भरोसा ठेव. तुह्या मायबापाले भिवापुरात यातलं काही कळवू नको. तुहा बाप धम्मानंद नुसता खाटेवर बसून काळजी करीन, त्याचा काही उपयोग नाही.

बायजाबाई


केलांगच्या वरचा कॅम्प
२४ एप्रिल २०२५

प्रिय आजी,

जय भीम. तुझं पत्र खालून भाजीच्या गाडीतून आलं. इथे सगळ्यांना वाचून दाखवलं. भाजीवाल्याच्या ठेल्यावर आमचे साहेब अजून हसत आहेत.

तू मोठ्या गोष्टी नको म्हणालीस, पण थोडं सांगते, म्हणजे तुझी भीती जाईल. साध्या लहान गाडीत पुढची दोन चाकं ओढतात. मागची दोन नुसती मागे मागे येतात, बारशाला आलेल्या पाहुण्यांसारखी. कामाला हात लावत नाहीत. आमच्या गाडीत इंजिनापासून एक लांब दांडा खालून मागे जातो. मागच्या चाकांच्या जरा अलीकडे एक डबा आहे. त्या डब्यात तेल आणि तेलात चकत्या, एकीला लागून एक. त्या एकमेकींवर घट्ट दाबल्या की मागच्या चाकांना जोर मिळतो. सैल सोडल्या की चाकं मोकळी. किती दाबायच्या ते गाडीतला कॉम्प्युटर क्षणाक्षणाला ठरवतो. पुढचं चाक चिखलात फिरायला लागलं की हा मागच्यांना म्हणतो, उठा, कामाला लागा.

मोठ्या महागड्या जीपमध्ये हा डबा मोठा असतो. आम्हाला गाडी लहान आणि स्वस्त ठेवायची होती, शिक्षिकेला, शेतकऱ्याला, नर्सबाईला घेता यावी अशी. म्हणून आमचा डबा तुझ्या पोळ्यांच्या डब्याएवढा. तो तिथे बसवायला आम्ही पेट्रोलची टाकी वाकवली, स्टेपनी हलवली, मागचा सगळा सांगाडा बदलला. दोन वर्षं गेली त्यात.

डबा लहान असल्यामुळे फार घासला की तापतो. फार तापला की चकत्या धरेनाशा होतात. पण तशी वेळ येण्याआधी रोहितच्या समोर दिवा लागतो. तो दिवा माझी कल्पना आहे, आजी! इंजिन तापल्याचा दिवा प्रत्येक गाडीत असतोच. मी म्हटलं, तोच वापरू. नुसता लागला तर इंजिन तापलं, लपलप करायला लागला तर मागचा डबा तापला. वेगळा दिवा नको, वेगळी वायर नको. बैठकीत टाळ्या पडल्या होत्या.

तेव्हा दिवा लपलपला की रोहितने थांबायचं, डबा निवू द्यायचा, मग पुढे जायचं. त्याला हे शिकवलेलं आहे. आणि ब्रेक तर चारही चाकांना आहेतच.

इथे थंडी आहे, पण मी बरी आहे. गाडी बर्फात खारीसारखी चढते. तू पाण्याकडे बघत बसू नकोस.

तुझी,
नंदिनी


वाडी
५ मे २०२५

चि. नंदिनीस जय भीम.

पत्र पोचलं. पोळ्यांचा डबा समजला. तुही हुशारी समजली. मी विचारलं होतं, मागं येईल काय. त्याचं उत्तर तू दिलं नाही. ब्रेक आहे म्हणून सांगतलं. ब्रेक कोणत्या गाडीले नसते?

असो. तुले एक गंमत सांगतो, म्हणजे तुले कळीन का इंजिनिअर फक्त पुण्यात नाही होत.

मागच्या आठवड्यात तपन अशी का आंगणातल्या बादलीत हात घालता येईना. रोहित दुपारी जेवाले आला अन् म्हणे, "आजी, गाडी गरम होऊन राहिली. लाइट लागते."

"मंग बोनेट उघड, पाणी टाक. हे काय विचारणं झालं?"

"बोनेट उघडता येत नाही. आतलं कोणाले दिसू नये म्हणून साहेबानं सील लावलं आहे."

माह्या आंगणात मी जन्मभर ट्रकवाल्यायले खोल्या दिल्या. गरम गाडीले काय करतात ते मले शिकवाले कोणाची गरज नाही. कूलरच्या टाकीत एक पोतं भिजत होतं, ते पिळून दिलं त्याच्या हातात. म्हटलं, उघडता येत नाही त वरून टाक. गाडी बंद कर, पोतं टाक, थोडा वेळ थांब, मंग चालू कर.

तसं केलं, अन् लाइट गायब. पियूष साहेबानं कॉम्प्युटरमध्ये पाह्यलं, तिथंही सगळं थंड. त्यानं पोत्याचा फोटो काढला. संध्याकाळी घरी येऊन माह्या पाया पडला, म्हणे, "आजी, तुम्ही आमचं काम वाचवलं. नाहीतर दर चढाईनंतर अर्धा अर्धा तास बसून राहावं लागलं असतं."

आता रोज सकाळी मी पोतं भिजवून देतो. रोहित खूश. चढाया भराभर होऊन राहिल्या, ठेकेदार खूश. पुण्याचं पोट्टं त मले आता "सीनिअर इंजिनिअर" म्हणते.

तरी भेव काही जात नाही. तो पोतं घेऊन निघाला का माह्या हाताले दिवसभर ओल लागल्यावानी वाटते. म्हातारपण असीन. तू लिही.

बायजाबाई


केलांगच्या वरचा कॅम्प
१४ मे २०२५

आजी,

तुझं पत्र आज हातात आलं. हे उभ्याउभ्या लिहिते आहे, भाजीची गाडी निघते आहे.

पोतं देऊ नकोस. उद्यापासून अजिबात देऊ नकोस.

दिवा लपलपत होता ना? रोहितला विचार. लपलपत असणार. चित्र इंजिनाचं दिसतं म्हणून सगळे फसले, पण इंजिन तापलं नव्हतं. मागचा डबा तापला होता, डिकीच्या खालचा. तुम्ही ओलं पोतं पुढे टाकत आहात आणि आग मागे आहे.

मग दिवा का गेला, ते ऐक. त्या डब्यात तापमान मोजणारं यंत्र नाही. स्वस्त ठेवायचं म्हणून आम्ही बसवलं नाही. गाडीचा कॉम्प्युटर नुसता हिशेब करतो, किती घासलं, म्हणजे किती तापलं असेल, असा अंदाज. आणि किल्ली बंद केली की तो अंदाज पुसला जातो. पुन्हा चालू केली की त्याला वाटतं, डबा थंड आहे. इथे बर्फात तसं चालून जातं, डबा खरोखरच निवतो. तिकडे निवत नाही. दिवा तुझ्या पोत्याने गेला नाही, आजी. किल्ली फिरवली म्हणून गेला. पियूष कॉम्प्युटरमध्ये बघतो तोही तोच अंदाज आहे. खोटा थंडपणा बघून तो टाळ्या वाजवतो आहे.

डबा निववायचा तर गाडी चालूच ठेवून सावलीत उभी करायची. बंद करायची नाही. मला माहीत आहे, नागपुरात मे महिन्यात तापलेली गाडी चालू ठेव म्हटलं तर लोक वेडी म्हणतील. कोणीही बंदच करणार. हे मला सुचायला हवं होतं. मी वाडीत वाढलेली मुलगी आहे आणि मला हे सुचलं नाही.

इथे वर फोन लागत नाही, खाली उतरले की रोहितला फोन करते. पण तू सांग. तो तुझं ऐकतो.

नंदिनी


वाडी
१६ मे २०२५

चि. नंदिनीस जय भीम.

तुहं पत्र अजून आलं नाही, तरी लिहून राहिली. कोणाले तरी सांगतल्याशिवाय राहवत नाही.

काल जेवणाचा डबा द्याच्या निमित्तानं मी खदानीत गेली. रोहितले न सांगता, ऑटोनं. गेटवरच्या चौकीदारानं अडवलं, म्हणे परवानगी नाही. मी म्हटलं, तुह्या बापानं ही खदान पाह्यली नव्हती तवा मी इथं घाम गाळला, हो बाजूले. सरकला.

वर काठावर लिंबाखाली उभी राह्यली. गाडी खाली पाण्याजवळ होती, पट्टे पाण्यात दिसून राहिले होते, उलटे. मंग निघाली. वर आली, आली, आली, अन् अर्ध्याच्या वर आल्यावर मी पाह्यलं.

पुढचे चाकं फिरत होते, गोटे मागं फेकत होते. मागचे चाकं चूप.

चूप म्हणजे चूप, माय. गाडी पुढं ओढली का ते फिरत, गाडी थांबली का थांबत. त्यायच्यात जीव नव्हता. तूच लिहिलं होतं ना, बारशाचे पाहुणे. तसे. मंग गाडी हातभर मागं आली. हातभरच. रोहितनं काय केलं मले माहीत नाही, इंजिन जोरात दाबलं असीन, मातीचा धुरळा झाला अन् गाडी वर निघाली.

गाडीतून उतरून माह्याजवळ आला, घामानं चिंब, दात काढत. मी विचारलं, "मागचे चाकं काहून थांबले?"

जवळ येऊन, माह्या कानात ओरडून म्हणे, "मुरूम सैल आहे, आजी."

"मुरूम काय आज सैल झाला? लाइट लागली होती काय?"

"नाही. आता लाइटच नाही लागत. तुह्या पोत्याची कमाल."

नंदे, तूच लिहिलं होतं का तशी वेळ येण्याआधी लाइट लागते. मंग वेळ आली अन् लाइट काहून नाही लागली? मी अडाणी आहे, पण एवढं मले समजते का जो रोज ओरडे तो अचानक चूप झाला त काहीतरी बिघडलं आहे. मी रोहितले म्हटलं, उद्या जाऊ नको. त्यानं माह्या डोक्यावर टोपी ठेवली अन् म्हणे, थोड्याच चढाया राह्यल्या, मंग सुट्टी.

पियूष साहेबानं टाळ्या वाजवल्या काल. गाडी मागं आली तवाही वाजवल्या, त्याले वाटलं रोहितनं मुद्दाम केलं.

लवकर लिही. कसंही लिही.

बायजाबाई


केलांग बाजार
२३ मे २०२५

आजी,

हे लिहून त्याचा फोटो काजलच्या मोबाइलवर पाठवते आहे. तुझ्या मधल्या खोलीतली काजल, नर्सिंगवाली. तू कधी कोणा भाडेकरूचा नंबर दिला असतास तर एवढा वेळ गेला नसता, तिच्या कॉलेजात फोन करून करून मिळवला. माझं आधीचं पत्र तुला मिळालं की नाही, माहीत नाही. रस्ता बंद होता, आठवडाभर आम्ही वरच अडकलो होतो.

काल रात्री रोहितशी बोलले. "हो ताई, हो ताई" म्हणाला. त्याच्या आवाजावरून मला कळलं की तो "हो" नुसतं मला झोपवण्यासाठी म्हणतो आहे. आज सकाळपासून त्याचा फोन बंद आहे. चाचणीच्या वेळी सगळ्यांचे फोन गेटवरच्या पेटीत ठेवतात, गाडीचे फोटो जाऊ नयेत म्हणून. पियूषचाही तिथेच. पुण्याच्या ऑफिसने चाचणी थांबवायचं पत्र ईमेलने पाठवलं आहे, पण ते पियूष संध्याकाळी उघडेल.

तुझं सोळा तारखेचं पत्र इथे खाली उतरल्यावर मिळालं. मागची चाकं चूप आणि दिवा नाही, म्हणजे चकत्या जळत आल्या आहेत. आता एखाद्या चढाईत त्या पूर्ण सोडतील. रेती भरलेली गाडी मागे जड आहे. पुढच्या चाकांवर वजन राहत नाही. त्या सैल मुरमावर एकटी पुढची चाकं तिला धरू शकणार नाहीत. आणि ब्रेक लावला तर चाकं थांबतील, गाडी थांबेलच असं नाही.

तू विचारलं होतंस, मागे येईल का. येईल.

रोहित घरी असेल तर बाहेर पडू देऊ नकोस. गेला असेल तर काजलबरोबर जा. तो खाली उतरायच्या आधी अडव. पण चढत असेल तर मध्ये जाऊ नकोस, हात करू नकोस, थांबवू नकोस. चढावर थांबला तर तिथून पुन्हा निघता येणार नाही. वर येऊ दे, मग अडव.

नंदिनी


वाडी
६ जून २०२५

चि. नंदिनीस जय भीम.

रोहितनं तुले फोनवर सांगतलं, मले माहीत आहे. त्यानं हसत सांगतलं असीन. आता मी सांगतो.

तुहं आधीचं पत्र तवापर्यंत आलंच नव्हतं, अन् काजल मोबाइल घेऊन आली तवा तो जाऊन तासभर झाला होता. मी चप्पल घातली नाही, ते मंग तिथं गेल्यावर पाय भाजले तवा कळलं. काजलच्या स्कूटीवर मागं बसून गेली. चौकीदारानं यावेळी अडवलं नाही. माह्या तोंडाकडं पाहून त्यानंच गेट उघडलं.

आम्ही लिंबाखाली पोचलो अन् गाडी चढून राहिली होती.

तू लिहिलं होतं, हात करू नको. मी आयुष्यात कवा चूप उभी राह्यली नाही. तिथं राह्यली. काजलनं हात वर केला, मी तिचा हात खाली ओढला, तिचं मनगट अजून निळं आहे. गाडी अर्ध्यात आली. अर्ध्याच्या वर आली. मले वाटलं, निघाली. वरचा काठ इथून तिथं, आपल्या आंगणाएवढा राह्यला होता.

अन् मागचे चाकं चूप झाले.

पुढच्यायनं गोटे फेकले. मंग पुढचेही थांबले, म्हणजे त्यानं ब्रेक लावला. चारही चाकं थांबले, अन् गाडी मागं येऊन राहिली. तूच सांगतलं होतं, पण सांगणं वेगळं. फिरत नसलेल्या चाकांवर गाडी मागं जाते हे मी पहिल्यांदा पाह्यलं. जोरात नाही. एखादी बाई उलट्या पावलानं घरातून निघावी तशी, हळू. मले वाटलं, एवढी हळू आहे त कोणी हातानं धरीन. कोणी धरलं नाही.

रस्ता जिथं वळते, तिथं कडेले मुरमाचा ढीग होता. गाडीचं बूड त्याच्यावर चढलं अन् अडकलं. एक मागचं चाक पाण्याच्या वर, हवेत.

मी कशी उतरली मले माहीत नाही. गाडीच्या तोंडासमोर, चार हातावर जाऊन उभी राह्यली. रोहित आत. दोन्ही हात स्टिअरिंगवर, जरा हलत नव्हता. गाडी श्वास घेतल्यावानी वरखाली होऊन राहिली होती. पियूष साहेब दोन्ही हात दाबून दाखवून राहिला होता, बस, बस. चौकीदार हात बाहेर फेकून दाखवून राहिला होता, निघ, निघ. सगळ्यायचे तोंडं उघडे. माह्या कानात गिरणी.

रोहित त्यायच्याकडं पाहत नव्हता. माह्याकडं पाहून राहिला होता. अन् बोलला. ओठ हलले, मी पाह्यलं. एकदा बोलला, मंग तेच पुन्हा बोलला. काहीतरी विचारत होता. त्याचा चेहरा लहानपणी परीक्षेले जातानाचा होता.

मी मान हलवली.

कशाले हलवली मले माहीत नाही. लोक बोलतात तवा मी हलवतो, वर्षानुवर्षं हलवत आली. ऐकू आलं नाही म्हटलं का पुन्हा ओरडतात, म्हणून हलवतो. तशीच हलवली.

त्यानं दार उघडलं अन् वरच्या बाजूले उडी टाकली. तो निघाला अन् पुढचं हलकं झालं. मागं रेती. गाडीचं तोंड वर झालं, पट्टे आकाशात गेले, अन् ती गेली. मले आवाज आला नाही. नुसतं पाणी वर आलं अन् माह्या पायावर पडलं, गरम होतं.

त्याचं गळ्याचं हाड मोडलं, गुडघा सोलला. तो जिवंत आहे, हे तुले माहीत आहे, तरी लिहितो, कारण ते लिहाले मले बरं वाटते.

दवाखान्यात मी त्याले विचारलं, तू काय बोलला होता गा? पाटीवर लिहून दे म्हटलं. त्यानं डाव्या हातानं लिहिलं, "आजी, उडी मारू काय? असं विचारलं. तू हो म्हणाली."

नंदे, त्यानं "आजी, बसून राहू काय?" असं विचारलं असतं, तरी मी तशीच मान हलवली असती.

हे मी त्याले सांगतलं नाही. तो सगळ्यायले सांगून राहिला का माह्या आजीनं मले वाचवलं. गल्लीतल्या बाया मले चहा आणून देतात. त्या गेल्या का तो चहा मी मोरीत ओततो. हे फक्त तुले माहीत आहे, कोणाले सांगू नको, तुह्या बापालेही नाही.

कंपनीचे दोन माणसं आले होते. विचारलं, बोनेटवर पोतं कोणी टाकाले सांगतलं? मी म्हटलं, मी. त्यायनं लिहून घेतलं. मंग त्यायले तुहं पत्र आलं म्हणतात, तू पुण्याले कळवलं का लाइट एकच ठेवली ती तुही चूक, पोत्याची नाही. बरं केलं. शाबासकी मागू नको.

आता पुढचं. काल पियूष साहेब घरी केळी घेऊन आला. पोट्टं वाळून गेलं आहे, रोहितच्या खाटेजवळ बसलं अन् जमिनीकडं पाहत राह्यलं. जाताना माह्यासाठी कागदावर लिहून गेला. नवीन गाडी येऊन राहिली. डब्यात खरंखुरं तापमान मोजणारं यंत्र बसवलं आहे, लाइट वेगळी केली आहे, किल्ली बंद केली तरी तिले आठवण राहीन. खदान बंद, दुसरीकडं चढ शोधतील. अन् रोहितचं हाड जुळलं का त्याचं काम त्याच्यासाठी राखून ठेवलं आहे.

रोहित जाणार आहे. त्याच्या डोळ्यावरून मले कळते. रोज सकाळी माह्यासमोर येऊन बसते, गळ्यातली पट्टी सावरत, अन् ओठ हलवून काहीतरी विचारते. मी भिंतीकडं पाहतो. तांदूळ निवडतो. उठून मोरीत जातो. तो पुन्हा समोर येऊन बसते.

तू लिहून पाठव. ते यंत्र खरं बोलते काय, तू स्वतः त्यात बसून पाह्यलं काय, अन् पोट्ट्याले जाऊ देऊ काय. तीन गोष्टी. हो त हो लिही, नाही त नाही लिही, मोठ्या अक्षरात, मी त्याले कागदच दाखवीन. लिहिलेलं मले समजते. आता कोणी ओठ हलवले का मान हलवाचा मले भेव वाटते.

बायजाबाई